तिकीट कोणाच्या हातात?

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

न्यूयॉर्क शहराच्या २०२५ मधील महापौर निवडणुकीपासून अमेरिकेतील ‘प्रायमरी’विषयी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणाऱ्या मतदानाविषयी, विचारणा करणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. प्रायमरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम गावची प्राथमिक शाळा उभी राहते, आणि एका पत्रलेखकाने तर ‘राजकारण्यांना पुन्हा प्रायमरीत बसवणारी पद्धत गोव्यात कधी येणार’ असेच विचारले आहे. पत्रांमधील पुनरुक्ती गाळून सहा प्रश्न या अंकात घेतले असून अन्य विषयांवरील पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत.

पक्षाने आपला उमेदवार ठरवावा हे समजण्यासारखे आहे. पण अमेरिकेत त्यासाठी सरकार मतदान घेते आणि पक्षाचे कसलेही काम न केलेली माणसे त्यात मत देतात, असे वाचले. हे खरे असल्यास पक्ष ते सहन कसे करतात?
— निवृत्त शिक्षक, फोंडा

आपण वाचले ते खरे आहे. आपल्याकडे पक्षाने दिलेला ए-बी फॉर्म ज्याच्या हाती, तो उमेदवार. तो फॉर्म कोणाला द्यायचा हे दिल्लीत किंवा प्रदेश कार्यालयात ठरते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची कोणतीही जागा नसते. अमेरिकेत पक्षाचे चिन्ह व नाव घेऊन कोणी उभे राहायचे, हे बहुतेक पदांसाठी प्रत्येक राज्याच्या कायद्याने ठरवून दिलेल्या दिवशी मतदारच ठरवतात. मतदान केंद्रे तीच, कर्मचारी तेच, आणि बहुतेक ठिकाणी खर्चही सार्वजनिक तिजोरीतून होतो. ज्याने आवश्यक तेवढ्या सह्या किंवा शुल्क भरून अर्ज केला, त्याचे नाव मतपत्रिकेवर येते; पक्षाच्या अध्यक्षाला तो पसंत नसला, तरी त्याला सहसा अडवता येत नाही.

‘पक्षाचा मतदार’ म्हणजे कोण, येथे खरा घोटाळा होतो. आपल्याकडील देवस्थानांच्या समितीची निवडणूक आपण पाहिली असेल. महाजनांच्या यादीत ज्याचे नाव आहे तोच मत देतो, आणि त्या यादीत नाव घालायचे की नाही यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. अमेरिकेतील पक्षांची यादी त्या अर्थाने पक्षाची नसतेच. सुमारे ३० राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवताना फॉर्मवर ‘डेमोक्रॅट’, ‘रिपब्लिकन’ किंवा ‘कोणताही नाही’ यापैकी एक पर्याय लिहायचा असतो. वर्गणी नाही, शिफारस नाही, निष्ठेची शपथ नाही, आणि पक्षाला एखादे नाव नाकारण्याचा अधिकारही नाही. अशी नोंद असलेल्यांनाच जेथे मत देता येते ती प्रायमरी ‘बंद’ म्हटली जाते. कोणालाही कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते ती ‘खुली’. व्हर्जिनियासारख्या राज्यात तर मतदाराच्या पक्षाची नोंदच ठेवली जात नाही. या दोहोंच्या मधल्याही अनेक तऱ्हा आहेत, कारण ५० राज्यांचे ५० कायदे आहेत.

पक्षांनी हे आनंदाने स्वीकारले, असे मात्र समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी, रेल्वे कंपन्या आणि लाकूडसम्राट यांच्या मुठीतील पक्षनेत्यांकडून तिकीटवाटप काढून घेण्यासाठी थेट प्रायमरीचा कायदा लावून धरला आणि १९०४ मध्ये तेथील मतदारांनी तो मंजूर केला. पुढील दहा-पंधरा वर्षांत बहुतेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

या सुधारणेला एक काळी बाजूही होती, आणि आपल्या शंकेचे पुरेसे उत्तर त्याच इतिहासात आहे. दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाचेच एकछत्री राज्य असल्यामुळे त्याची प्रायमरी जिंकणारा नोव्हेंबरमधील मुख्य निवडणुकीत हमखास निवडून येई. टेक्सासमध्ये कृष्णवर्णीयांना या प्रायमरीत मज्जाव होता. तसा कायदा न्यायालयाने १९२७ मध्ये रद्द केला, तेव्हा पक्षाने ‘आम्ही खासगी संघटना आहोत, आमच्या घरात कोणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू’ अशी भूमिका घेतली, आणि १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यही केली. अखेर ह्यूस्टनचे एक कृष्णवर्णीय दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या दाव्यात, थर्गूड मार्शल यांच्या युक्तिवादानंतर, १९४४ मध्ये न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवला. जेथे प्रतिनिधी प्रत्यक्षात निवडला जातो ते मतदान सार्वजनिक निवडणुकीचाच भाग असते, ते कोणाच्या घरातील काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. तेव्हापासून प्रायमरीतील मताधिकाराच्या प्रश्नावर पक्षांना ‘खासगी संघटना’ या शब्दांच्या आड लपणे कठीण झाले.

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत मत उमेदवाराला पडते की प्रतिनिधींना? आणि लोक मत देतातच, तर मग एवढे मोठे अधिवेशन कशासाठी भरवतात?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव

मतपत्रिकेवर सहसा उमेदवाराचे नाव असते, पण त्या मताने निवडले जातात ते अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी, आणि उमेदवारी औपचारिकपणे त्या प्रतिनिधींच्या मतांनी ठरते. आज हे अधिवेशन रोषणाई आणि भाषणांचा सोहळा असल्यासारखे दिसते. एकेकाळी ते तसे नव्हते. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधींना उमेदवार ठरवण्यासाठी तब्बल १०३ वेळा मतदान करावे लागले होते, आणि इतके करून निवडलेले जॉन डेव्हिस पुढे हरले ते हरलेच.

जुनी पद्धत मोडली ती १९६८ मध्ये. व्हिएतनाम युद्धाचे ते ऐन दिवस होते. न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत युद्धविरोधी सिनेटर यूजीन मकार्थी यांनी ४२ टक्के मते मिळवून विद्यमान राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ४९ टक्क्यांवर रोखले, आणि महिना संपण्याच्या आत जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्रीच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. इतके घडूनही ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बहुतेक प्रतिनिधी तेव्हा राज्याराज्यांतील पक्षनेत्यांच्या शब्दात होते. सभागृहाबाहेर पोलिसांनी तरुण निदर्शकांना झोडपले, ते दृश्य देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि नोव्हेंबरमध्ये रिचर्ड निक्सन विजयी झाले.

या नामुष्कीनंतर पक्षाने सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. प्रतिनिधींची निवड उघड नियमांनी आणि सामान्य मतदारांच्या सहभागाने व्हावी, अशी त्याची शिफारस होती. तिची पूर्तता करण्याचा सोपा मार्ग म्हणून राज्याराज्यांनी प्रायमरीचे कायदे केले आणि रिपब्लिकन पक्षही आपोआप त्याच वाटेला लागला. ज्यांनी नियम लिहिले ते मॅकगव्हर्नच १९७२ मध्ये नव्या नियमांनुसार उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यांत पराभूत झाले. पक्षातील ज्येष्ठांनी या पराभवाची आठवण पुढे अनेक वर्षे काढली आणि १९८० च्या दशकात स्वतःसाठी ‘सुपरडेलिगेट’ म्हणजे निवडणुकीविना येणारे प्रतिनिधी ही सोय करून घेतली. २०१६ च्या उमेदवारीवरून पक्षात झालेल्या वादानंतर २०१८ मध्ये ती पातळ करण्यात आली; आता चुरस असेल तेव्हा त्यांना पहिल्या फेरीत मत देता येत नाही.

मतांचे रूपांतर प्रतिनिधींत कसे होते, यावर बरेच अवलंबून असते आणि वृत्तपत्रांत याकडे फारसे लक्ष जात नाही. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांवर मते मिळवणाऱ्यांमध्ये प्रतिनिधी प्रमाणशीर वाटले जातात. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्ये विजेत्याला सर्व किंवा बहुतांश प्रतिनिधी देतात. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ३२.५ टक्के मते मिळाली आणि राज्याचे सर्व ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. विरोधातील दोनतृतीयांश मते पाच जणांत विभागली गेली होती. त्या वर्षीच्या साऱ्या प्रायमरींमधील एकूण मतांपैकी निम्म्याहून कमी मते मिळवूनही ते उमेदवार झाले. आपल्याकडे पंचरंगी लढतीत आमदार कसा निवडून येतो हे पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला हे गणित नव्याने समजावण्याची गरज नाही.

अधिवेशन मात्र अगदीच शोभेचे उरलेले नाही. जो बायडेन यांनी २१ जुलै २०२४ रोजी माघार घेतली तेव्हा साऱ्या प्रायमरी उरकल्या होत्या. त्यांच्या नावाने निवडून आलेल्या प्रतिनिधींनीच मग कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. नियमांत ते पूर्णपणे बसत होते. पण आपल्या नावावर एकही प्रायमरी न जिंकलेली उमेदवार १९६८ नंतर प्रथमच एका मोठ्या पक्षाला मिळाली होती.

आयोवा आणि न्यू हॅम्पशर ही लहान राज्येच नेहमी पहिली का?
— वास्को

न्यू हॅम्पशरचे कारण सरळ आहे. १९२० पासून तेथील प्रायमरी पहिली होत आली आणि ती इतर कोणत्याही राज्याच्या तशा निवडणुकीआधी घ्यावी, असा कायदाच त्या राज्याने करून ठेवला. आयोवात प्रायमरी नसून ‘कॉकस’ होतात, म्हणजे वस्तीतील माणसे थंडीच्या रात्री शाळेत किंवा सभागृहात जमून चर्चा करतात व आपली पसंती नोंदवतात. १९७२ मध्ये वेळापत्रकाच्या सोयीने त्या लवकर घेतल्या गेल्या, १९७६ मध्ये फारसे कोणाला माहीत नसलेले जिमी कार्टर तेथून प्रकाशात आले आणि मग तो मान सोडायला राज्य तयार होईना. वास्तविक कार्टर यांच्यापेक्षा अधिक पसंती तेव्हा ‘अद्याप ठरलेले नाही’ या पर्यायाला होती! २०२० मध्ये निकाल कळवणारे ॲप कोलमडले, आणि २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला. न्यू हॅम्पशरने आपल्या कायद्याप्रमाणे आधीच मतदान उरकले. मतपत्रिकेवर बायडेन यांचे नाव नव्हते. मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना विजयी केले.

मी २० वर्षे एका पक्षाचे काम बूथपातळीवर करतो आहे. पताका लावणे, मतदारांना केंद्रावर आणणे हे आमचे काम. तिकीट वाटताना मात्र आम्हाला कोणी विचारत नाही. अमेरिकेतील तळागाळातील कार्यकर्त्याला खरोखर काही किंमत आहे, की तेथेही पैशाचाच खेळ आहे?
— एक कार्यकर्ता, पेडणे

आपल्या पत्रातील कळकळ पोहोचली. पैशाचा खेळ तेथे आपल्याहून कितीतरी मोठा आहे, तरीही आपल्यासारख्या कार्यकर्त्याला तेथे एक गोष्ट करता येते, जी आपल्याला येथे करता येत नाही: पक्ष न सोडता पक्षाच्या विद्यमान लोकप्रतिनिधीला पाडता येते.

व्हर्जिनियात जून २०१४ मध्ये हे घडले. एरिक कॅंटर हे प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमताचे नेते होते आणि पुढचे सभापती म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाई. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले डेव्हिड ब्रॅट, एका छोट्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कॅंटर यांचा खर्च ५० लाख डॉलरांहून अधिक होता, ब्रॅट यांचा सुमारे २ लाख. नेता मतदारसंघात दिसत नाही, ही तक्रार घरोघर पोहोचली आणि कॅंटर पडले. बहुमताचे नेतेपद १८९९ मध्ये निर्माण झाल्यापासून त्या पदावरील व्यक्ती प्रायमरीत हरण्याची ती पहिलीच वेळ होती. चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जोसेफ क्राउली यांच्या बाबतीत तेच झाले. दहाव्यांदा निवडून आलेले आणि २००४ नंतर प्रायमरीत आव्हानच न पाहिलेले हे डेमोक्रॅटिक नेते, काही काळापूर्वीपर्यंत मद्यालयात काम करणाऱ्या २८ वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्याकडून पराभूत झाले. ओकासिओ-कोर्टेझ यांनी जिने चढून, दारे ठोठावून प्रचार केला, आणि त्यांना पडलेली मते होती सुमारे १७ हजार.

या आकड्यावर थोडे थांबले पाहिजे. साधारण सात लाख लोकवस्तीच्या मतदारसंघात १७ हजार मतांनी उमेदवारी मिळाली, आणि तो मतदारसंघ इतका एका बाजूचा आहे की उमेदवारी म्हणजेच निवडून येणे. पेडण्याच्या एका विधानसभा मतदारसंघात एकूण मतदार असतात त्यांच्या निम्म्याहून थोडी अधिक अशी ही संख्या. प्रायमरी पाडता येते याचे कारण तेथे थोडी माणसे येतात. आणि थोडी माणसे येतात म्हणूनच ती कोणती माणसे येतात याला सारे महत्त्व. नोव्हेंबरच्या मतदानाला जाणारा साधा मतदार जूनमध्ये किंवा ऑगस्टमध्ये घरी बसतो. येतो तो चिडलेला, ठाम मतांचा, एखाद्या प्रश्नाने झपाटलेला. अशा मतदाराचा धाक वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या प्रतिनिधीला विरोधी पक्षापेक्षा अधिक वाटतो. ‘प्रायमरी’ या नामाचे तेथे आता क्रियापदच झाले आहे: अमुक प्रतिनिधीने असे मत दिले, तर त्याला आम्ही ‘प्रायमरी करू’.

हा धाक किती खरा आहे, हे २०२१ नंतर दिसले. संसद भवनावरील हल्ल्यानंतर ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधिगृहातील १० रिपब्लिकन सदस्यांनी मत दिले होते. त्यांपैकी चौघे पुढच्या निवडणुकीत उभेच राहिले नाहीत, आणि चौघे प्रायमरीत हरले. वायोमिंगमधील लिझ चेनी यांचा पराभव त्यांत सर्वांत गाजला. दोघेच परत आले, एक कॅलिफोर्नियातून आणि एक वॉशिंग्टन राज्यातून. या दोन्ही राज्यांत पक्षनिहाय प्रायमरी नाही: सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, सर्व मतदार त्यांतून निवडतात, आणि पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये पुन्हा लढतात. ही पद्धत रामबाण आहे असे म्हणता येणार नाही, कारण वॉशिंग्टन राज्यातीलच आणखी एक सदस्या तिसऱ्या क्रमांकावर राहून बाद झाल्या. तरीही दहांतून वाचलेले दोघे तेथलेच असावेत, हा निव्वळ योगायोग मानणे मला कठीण जाते.

याच निवडणुकीतील मिशिगनची गोष्ट तर आपल्याकडील मुरलेल्या राजकारण्यांनाही शिकण्यासारखी वाटेल. महाभियोगाच्या बाजूने मत दिलेल्या पीटर मायर यांच्याविरुद्ध ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले जॉन गिब्स रिपब्लिकन प्रायमरीत उभे होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीने चार लाख डॉलरांहून अधिक खर्च करून अशी जाहिरात दाखवली, जी वरवर गिब्स यांच्यावर टीका करणारी होती आणि रिपब्लिकन मतदाराला मात्र ते अस्सल ट्रम्पभक्त वाटावेत अशी रचलेली होती. गिब्स प्रायमरी जिंकले, नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराकडून हरले. ‘डमी’ उमेदवार उभा करणे आपल्याला ठाऊक आहे. शत्रूच्या घरातील उमेदवार आपल्या सोयीने निवडून घेणे ही त्याच्या पुढची पायरी.

तेव्हा किंमत आहे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असे देईन. ती किंमत पताका लावणाऱ्यापेक्षा दार ठोठावणाऱ्याला आणि मतदानाच्या दिवशी चार शेजाऱ्यांना बरोबर घेऊन येणाऱ्याला अधिक मिळते. ते काम आपण २० वर्षे करतच आहात. फरक इतकाच की येथे आपण आणलेले मतदार वरून आलेल्या नावावर शिक्का मारतात.

आपल्याकडे प्रायमरी असती, तर गोव्यातील पक्षांतरे थांबली असती का? देव, खुरीस आणि दर्गा यांच्यासमोर शपथ घेतलेलेही गेले!
— डिचोली

आपला रोख २०२२ कडे आहे. त्या वर्षी जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा येथे नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. त्याआधी जुलै २०१९ मध्ये १५ पैकी १० गेले होते. दोन्ही वेळा संख्या दोनतृतीयांश किंवा अधिक होती, कारण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातील, ‘विलीनीकरणा’ची सवलत तेवढ्यांनाच मिळते.

अमेरिकेत पक्षांतरबंदी कायदाच नाही. सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिले किंवा पक्ष सोडला, तरी त्याची जागा जात नाही. तरीही पक्षांतरे विरळा होतात, आणि त्यामागच्या कारणांत प्रायमरीही आहे. पेन्सिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर १९८१ पासून रिपब्लिकन सिनेटर होते; पुढच्या प्रायमरीत पक्षाचे मतदार आपल्याला पाडतील हे दिसू लागल्यावर एप्रिल २००९ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षात गेले. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्यासह नव्या पक्षाचे नेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण तिकीट नेत्यांच्या हातात नव्हते. मे २०१० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मतदारांनी जो सेस्टाक यांना पसंती दिली आणि स्पेक्टर यांची तीस वर्षांची कारकीर्द तेथे संपली. आलेल्या माणसाला तिकिटाचे वचन देणेच जेथे नेत्याला शक्य नाही, तेथे येण्याचा भाव उतरतो.

आता आपल्या पणजीचे उदाहरण घ्या. २०२२ मध्ये भाजपने तेथे २०१९ च्या पक्षांतरात आलेले विद्यमान आमदार बाबूश मोन्सेरात यांना तिकीट दिले. माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे पुत्र उत्पल पर्रीकर यांना ते मिळाले नाही, ते अपक्ष लढले आणि ७१६ मतांनी हरले. प्रायमरी असती, तर ही लढत नोव्हेंबरआधीच, म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारीच्या आधीच, भाजपच्या मतदारांसमोर झाली असती. निकाल काय लागला असता, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र हरणाऱ्याला अपक्ष म्हणून उभे राहण्याची वाट बहुधा बंद झाली असती, कारण प्रायमरीत पडलेल्याला पुन्हा मतपत्रिकेवर येऊ न देणारे कायदे किंवा तसाच परिणाम करणाऱ्या अर्जाच्या मुदती अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आहेत. याला अपवादही गाजलेले आहेत. न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानी यांच्याकडून हरलेले अँड्र्यू क्युओमो स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पुन्हा हरले. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये प्रायमरी हरल्या, मतपत्रिकेवर नाव नसताना मतदारांना आपल्या नावाचे स्पेलिंग शिकवत त्यांनी प्रचार केला, आणि हाताने लिहिलेल्या मतांवर त्या निवडून आल्या.

भारतात असा प्रयोग झालाच नाही, असे नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने निवडक मतदारसंघांत प्रायमरी घेतली. मत देणारे होते पक्षाचे पदाधिकारी. सामान्य मतदाराला त्यात स्थान नव्हते. वडोदऱ्यात नरेंद्र रावत अशा रीतीने निवडून आले, तेथून नरेंद्र मोदी लढणार हे ठरले, आणि पक्षाने रावत यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री यांना उभे केले. यादी वरच्यांच्या हाती आणि निकालही फिरवता येण्याजोगा असला, की प्रायमरीचे काय होते याचा हा छोटा नमुना आहे.

गोव्यापुरती माझी खरी शंका निराळी आहे. आपले विधानसभा मतदारसंघ २५ ते ३० हजार मतदारांचे. प्रायमरीला त्यांतील पाचवा हिस्सा आला असे धरले, तर सारा खेळ पाच-सहा हजार मतांचा, आणि तेही दोन-तीन पक्षांत वाटलेले. दोन वाडे आणि एक सहकारी संस्था ज्याच्या खिशात आहे, त्याला एवढी मते जमवायला पक्षाच्या हायकमांडची मनधरणी करण्यापेक्षा कमी त्रास पडेल. आज तिकिटासाठी जो दिल्लीला खेटे घालतो, तो उद्या नावे नोंदवण्याच्या मोहिमेत आपले सारे गोतावळे घुसवील. सहकारी पतसंस्थांच्या निवडणुकीआधी सभासदसंख्या कशी एकाएकी फुगते, हे आपण सर्वांनीच पाहिलेले आहे.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो नुकताच तिकडचा नागरिक झाला. मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष विचारला आहे. तो लिहावा की नाही? लिहिल्यास पुढे नोकरीत वगैरे त्रास होईल का, ही आईची काळजी समजून उत्तर द्यावे.
— म्हापसा

नागरिकत्वाबद्दल त्याचे अभिनंदन. ती जागा रिकामी ठेवली, तरी नोंदणी पूर्ण होते आणि नोव्हेंबरमध्ये त्याला कोणालाही मत देता येते. पक्ष लिहिला म्हणून त्याच पक्षाला मत दिले पाहिजे, असेही नाही. ही नोंद मतदारयादीचा भाग असते आणि प्रचार करणाऱ्यांना ती मिळू शकते, एवढे त्याने जाणून असावे. याचा नित्याचा परिणाम म्हणजे टपालपेटीत पडणारी पत्रके आणि निवडणुकीआधीचे फोन. मत कोणाला दिले, ते मात्र गुप्तच राहते. न्यू जर्सीत पक्ष न लिहिलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी मतदान केंद्रावर जाऊन त्याच वेळी एक पक्ष निवडता येतो. एकदा निवडल्यावर दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे असेल, तर मात्र बदलाचा अर्ज प्रायमरीच्या ५५ दिवस आधी द्यावा लागतो. तेव्हा ठरलेले नसेल, तर जागा रिकामी ठेवण्यात काही बिघडत नाही.

त्याने मात्र जूनमधील प्रायमरी चुकवू नये, कारण तो योग्य वेळी योग्य राज्यात मतदार झाला आहे. कायद्याने तिकीट मतदारांना दिल्यावरही पक्षनेते ते कसे राखून ठेवतात, याचा न्यू जर्सी हा अनेक दशके नमुना होता. तेथील २१ पैकी १९ काउंटींत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, प्रायमरीची मतपत्रिका अशी छापली जाई, की काउंटीच्या पक्षप्रमुखांनी पाठिंबा दिलेले सारे उमेदवार, वरच्या पदापासून स्थानिक पदापर्यंत, एकाच ठळक रांगेत येत. बाकीच्यांची नावे कडेच्या रिकाम्या कोपऱ्यांत कोठेतरी टाकलेली असत. त्या कोपऱ्याला तेथील लोक ‘सैबेरिया’ म्हणत. मतदार मोकळा होता, पण त्याचा डोळा कोठे जाईल हे आधीच ठरलेले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोपपत्र दाखल झाले आणि दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहाचे सदस्य अँडी किम यांनी त्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. काही आठवड्यांत गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी रिंगणात आल्या. यापूर्वी त्यांनी कोणतेही निवडून येण्याचे पद भूषवले नव्हते, तरी मोठ्या काउंटींच्या प्रमुखांनी भराभर त्यांना पाठिंबा दिला. पण जेथे पक्षप्रतिनिधींनी गुप्त मतदान केले, त्या काउंटींत किम एकामागून एक जिंकत गेले. त्यांनी मतपत्रिकेच्या मांडणीलाच न्यायालयात आव्हान दिले. मार्च २०२४ च्या अखेरीस, मर्फी यांनी माघार घेतल्यानंतर काही दिवसांतच, संघीय न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती रांग रद्द करून प्रत्येक पदाच्या उमेदवारांची नावे एकत्र, एका चौकटीत छापण्याचा आदेश दिला. किम प्रायमरीही जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये सिनेटवर गेले. २०२५ मध्ये राज्याने कायदा करून नवी मांडणी पक्की केली.

मुलाला नमुना मतपत्रिका निवडणुकीआधी टपालाने येईल. तिच्यावर काउंटी समितीच्या सदस्यपदासाठीही नावे असतात. वस्तीतून निवडले जाणारे हे सर्वांत खालचे पक्षपद असून तेथे पुष्कळदा एकच उमेदवार असतो आणि कधी कधी एकही नसतो. काउंटीचे पक्षप्रमुख याच सदस्यांच्या मतांनी निवडले जातात.